कुत्र्याचे दात, भूल आणि दवाखान्याचे बिल

कुत्र्यांच्या दंतोपचारांवरची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच: खर्च ऐकून धक्का बसला. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे लहान प्राण्यांची शस्त्रक्रिया आणि दंतोपचार करणाऱ्या पशुवैद्यकांनी लिहिली आहेत.

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडोरच्या तोंडाला फार वास येतो. डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ करायला आणि ‘लागतील तसे दात काढायला’ सांगितले. एस्टिमेट ३८,००० रुपयांचे आहे. नुसत्या साफसफाईला एवढे पैसे कशाचे? काही कमी करता येईल का? (पुणे)

‘साफसफाई’ या शब्दानेच घोळ होतो. वरून दिसणारे पिवळे-तपकिरी कीटण खरवडणे हा या कामाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. आजार असतो हिरडीच्या आत. दातावर जंतूंचा चिकट थर काही तासांतच बसायला लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत त्या थरात क्षार बसून तो दगडासारखा होतो. कुत्र्यांचे दात आपल्यासारखे फारसे किडत नाहीत, पण कीटण मात्र भराभर चढते ते यामुळेच. पुढे जंतू हिरडीखाली उतरतात आणि दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. वास येतो तो या आतल्या सडण्याचा.

आता बिलाकडे पाहू. आधी रक्ततपासणी. मग शिरेत सुई आणि सलाईन, भुलीचे इंजेक्शन, श्वासनलिकेत फुगा असलेली नळी आणि तिच्यातून ऑक्सिजन व आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि तापमान यांवर नजर ठेवायला एक वेगळा माणूस. मग बोथट टोकाच्या, खुणा केलेल्या सळईने एकेका दाताभोवतीची खोली मोजायची. कुत्र्याला कायमचे दात ४२ असतात, तेव्हा हे काम पाच मिनिटांत उरकत नाही. खोली साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक, त्यापुढे संशय. वरच्या सुळ्याच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला खोल खळगा निघाला तर तिथून थेट नाकात वाट झालेली असू शकते. सतत शिंकणाऱ्या, एका नाकपुडीतून स्राव येणाऱ्या कुत्र्यात ही जागा आवर्जून मोजावी लागते. त्यानंतर दातांचे एक्स-रे, हिरडीच्या वरचे आणि खालचे स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडणे, आणि शेवटी पॉलिशिंग. पॉलिशिंग म्हणजे चैन नव्हे. स्केलरने दाताला बारीक चरे पडतात, ते तसेच राहिले तर नवे कीटण आणखी लवकर चिकटते. दात काढायचे असतील तर सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो, आणि बिलही तिथेच वाढते.

किती दात काढावे लागतील हे जाग्या कुत्र्याच्या तोंडात डोकावून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून एकच आकडा घेऊ नका, दोन आकडे लेखी मागा: नुसते स्केलिंग, एक्स-रे आणि भूल धरून किती, आणि दात काढावे लागले तर जास्तीत जास्त किती. अमुक रकमेच्या पुढे जाण्याआधी फोन करा, हेही संमतीपत्रावर लिहून द्या आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवा. कुत्रा भुलीखाली आणि मालक फोन उचलत नाही, असे झाले की निर्णयही अडतो आणि भुलीचा वेळही वाढतो.

कुठे वाचवता येते? रूट कॅनॉलऐवजी दात काढणे हा रास्त आणि स्वस्त पर्याय आहे, त्याने कुत्र्याची गैरसोय होत नाही. अलीकडेच केलेली रक्ततपासणी असेल आणि तब्येत बदलली नसेल तर ती चालेल का, हे विचारा. रात्रभर दाखल ठेवायची गरज बहुतेकांना नसते. नसबंदी किंवा एखादी गाठ काढणे अशी दुसरी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर दोन्ही कामे एकाच भुलीत होतील का, हेही विचारा. पैसे एकदम जमत नसतील तर आधी दुखणारे, हलणारे, पू झालेले दात काढून बाकीचे काम काही महिन्यांनी, असे टप्पे पाडता येतात. दोन भुलींचा खर्च धरला तर हे एकूण महाग पडते, पण वेदना आज थांबते, आणि आमच्या मते तेच आधी व्हायला हवे.

श्वासनलिकेतली नळी, शिरेतली सुई, वेदनाशामक आणि निदान संशयित दातांचे एक्स-रे यांवर मात्र वाचवू नका. लहान जातींच्या कुत्र्यांत खालच्या पहिल्या मोठ्या दाढेची मुळे जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचलेली असतात. हाड किती उरले आहे हे न पाहता जोर लावला तर जबडाच मोडतो.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने पाहा. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि नागपूर, परभणी, उदगीर इथली महाविद्यालये ही सगळी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत. तिथे शुल्क कमी असते, वेळ मात्र जास्त लागतो. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: दातांचे काम कोणत्या दिवशी होते, दातांचा वेगळा एक्स-रे आहे का आणि वायूची भूल आहे का.

ग्रूमिंगवाला भूल न देता पंधरा मिनिटांत दात पांढरे करून देतो. तेवढ्याने भागेल का? (ठाणे)

नाही. दात पांढरे दिसतील, आजार जिथे आहे तिथेच राहील. जागा कुत्रा हिरडीखाली धारदार अवजार घालू देत नाही. दाताची आतली बाजू आणि मागच्या दाढा तशाच राहतात. पॉलिशिंग होत नाही, एक्स-रेचा तर प्रश्नच नाही. धरून ठेवलेला कुत्रा घाबरतो, हिसका देतो आणि हिरडी फाटते. सगळ्यात वाईट म्हणजे वर्षभर तुम्ही निर्धास्त राहता आणि तेवढ्या वेळात आत हाड झिजत जाते. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यकांच्या तज्ज्ञ संस्थेचाही या प्रकाराला स्पष्ट विरोध आहे. पुढे याच कुत्र्याचे आठ-दहा दात काढायची वेळ येते, आणि ग्रूमरला दिलेले पैसे त्या बिलातून वजा होत नाहीत.

आमच्या कुत्र्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज येते. अँटिबायोटिक दिले की उतरते, महिन्या-दीड महिन्याने परत येते. तीन कोर्स झाले. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावे का? (नाशिक)

आधी तोंड दाखवा. डोळ्याखाली येऊन-जाऊन राहणारी सूज, कधी तिथून फुटणारा पू, हे वरच्या चौथ्या उपदाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाचे नेहमीचे लक्षण आहे. मांस कातरणारा हा मोठा दात. त्याला तीन मुळे असतात आणि ती डोळ्याच्या अगदी खाली येतात. कडक हाड किंवा खूर चावताना या दाताचा बाहेरचा कपचा उडतो, आतली नस उघडी पडते, जंतू मुळापर्यंत उतरतात. ओठ मागे ओढून पाहिलेत तर बहुधा दुसऱ्या बाजूच्या दातापेक्षा हा वेगळा, चपटा झालेला दिसेल. कधी तडा इतका बारीक असतो की कीटणाखाली झाकला जातो.

गोळ्यांनी सूज उतरते, कारण आजूबाजूचा संसर्ग दबतो. पण मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, तिथे औषध पोचत नाही. म्हणून सूज परत येते. तीन कोर्स, तीन वेळची फी, मध्ये दोनदा इंजेक्शने यांची बेरीज करून पाहा. दात काढण्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिथे गेलेला असतो. वर औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात ते वेगळेच.

हा दात नुसता पक्कडीने ओढून काढता येत नाही. हिरडीचा पदर उचलतात, ड्रिलने दाताचे तीन तुकडे करतात, एकेक मूळ सुटे करून काढतात, मग एक्स-रे घेऊन मुळाचा तुकडा आत राहिला नाही याची खात्री करतात आणि पदर विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. शेवटचा एक्स-रे झाला का, हे आवर्जून विचारा. आत राहिलेले टोक हे सूज परत येण्याचे सगळ्यात सामान्य कारण आहे. या जागी सुन्न करणारे इंजेक्शन दिले की भूल हलकी ठेवता येते आणि शुद्धीवर आल्यावर कुत्रा कळवळत नाही. तेही विचारा.

आमची पग अकरा वर्षांची आहे. भुलेतून उठली नाही तर, या भीतीने दोन वर्षे दातांचे काम टाळले. भीती खोटी आहे का? (डोंबिवली)

खोटी नाही, पण तिचे माप घ्यायला हवे. ब्रिटनमधल्या ९८,००० हून अधिक कुत्र्यांच्या भुलीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भूल आणि गुंगीमुळे झालेले मृत्यू एकूण ०.१७ टक्के होते. निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. म्हणजे धोका आजाराशी घट्ट बांधलेला आहे. तेव्हा प्रश्न ‘म्हातारी आहे का’ हा नसून ‘तिला आणखी काय आहे’ हा आहे.

त्यासाठी रक्तातल्या पेशी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृताची तपासणी, साखर. हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला तर छातीचा एक्स-रे किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी). आपल्याकडे आणखी एक गोष्ट सोडून चालत नाही: प्लेटलेट. गोचीड ताप महाराष्ट्रात इतका सर्रास आहे की वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही प्लेटलेट घसरलेले सापडतात. अशा कुत्र्याचा दात काढला तर रक्त थांबत नाही. आकडा कमी आला तर एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. प्लेटलेटच्या गाठी झाल्या की यंत्र आकडा चुकीचा कमी दाखवते. खरेच कमी असतील तर आधी गोचीड तापावरचा डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स, फेरतपासणी, मगच दात.

पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांत धोक्याची वेळ शस्त्रक्रियेनंतरची असते. गिळायला लागून नीट डोके उचलेपर्यंत नळी काढू नये आणि पुढचा तासभर कोणीतरी शेजारी असावे. हे काम तुमच्या दवाखान्यात कोण करणार, हे नाव घेऊन विचारा. त्या दिवशी सकाळचा पहिला नंबर मागा, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती डॉक्टरांच्या नजरेखाली राहील. तोंडात सतत पाणी उडत असल्याने लहान कुत्री लवकर गार पडतात, तेव्हा ऊब द्यायची सोय आहे का तेही पाहा. आदल्या रात्री दहानंतर खाणे बंद, पाणी मात्र निघेपर्यंत चालते. मधुमेह असेल तर हा नियम बदलतो, डॉक्टर सांगतील तसे करा.

शेतावरचा कुत्रा साखळी चावतो. खालचा सुळा अर्धा मोडला आहे, मध्ये काळा ठिपका दिसतो. खातो-पितो नीट. तसाच ठेवला तर? (कोरेगाव, सातारा)

काळा ठिपका म्हणजे नसेची पोकळी उघडी पडून नस मेलेली आहे. ताजा मोडलेला असताना तिथे लाल किंवा गुलाबी ठिपका दिसतो आणि तेव्हा ठणका असह्य असतो. आता तो ठणका कमी झाला असेल, पण त्या पोकळीतून जंतूंना मुळापर्यंत कायमची वाट मिळाली आहे. ‘खातो-पितो’ यावर जाऊ नका. दात दुखतो म्हणून कुत्रा उपाशी राहत नाही, तो दुसऱ्या बाजूने चावतो आणि पुष्कळदा न चावताच गिळतो.

नसेची पोकळी उघडी असलेल्या दाताला दोनच मार्ग: रूट कॅनॉल किंवा दात काढणे. खालच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा मोठे असते आणि जबड्याच्या पुढच्या भागाची बरीचशी जागा त्यानेच व्यापलेली असते. म्हणून हा दात गावात, नुसत्या गुंगीच्या इंजेक्शनवर, पक्कडीने काढून घेऊ नका, जबडा मोडेल. तुम्हाला शिरवळ जवळ आहे. आणि साखळी बदला. गळ्याजवळचा तोंड पोचेल एवढा भाग जाड पट्ट्याचा ठेवा आणि दिवसातून काही तास त्याला मोकळे सोडा. कंटाळलेला कुत्राच लोखंड चावतो. साखळी तशीच राहिली तर उरलेले तीन सुळेही याच वाटेने जातील.

सात महिन्यांच्या पॉमेरेनियनला सुळे दुहेरी दिसतात. दुधाचे आपोआप पडतील ना? (सांगली)

आता पडणार नाहीत. कायमचा दात बाहेर येऊ लागला की दुधाचा पडायलाच हवा. दोन्ही शेजारी-शेजारी राहिले की मध्ये अन्न अडकते आणि खालचा कायमचा सुळा आत ढकलला जाऊन टाळूत रुततो. नसबंदी करायचीच असेल तर त्याच भुलीत हे दात काढून घ्या. दुधाच्या सुळ्याचे मूळ लांब आणि बारीक असते, घाई केली की मोडते. तेव्हा घरी दोरा बांधून, हलवून बघू नका.

घरी काय करता येईल? पेस्ट महाग आहे. कडुलिंब, मीठ-हळद, मिश्री यांतले काही चालेल का? भाकरी आणि नळीचे हाड देतो, त्याने दात साफ होतात असे ऐकले आहे. (अहिल्यानगर)

मिश्री अजिबात नको. ती तंबाखू आहे आणि कुत्रा थुंकत नाही, सगळे गिळतो. माणसांची पेस्ट याच कारणाने नको: फ्लोराइड पोटात जाते, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याची साखर एकदम कोसळते व यकृतही निकामी होऊ शकते. माऊथवॉशलाही हेच लागू. मीठ आणि खाण्याचा सोडा रोज पोटात जाणे, विशेषतः हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णात, बरे नव्हे.

पेस्टशिवायही चालते. जंतूंचा थर ब्रशच्या केसांच्या घासण्याने निघतो. कुत्र्यांच्या पेस्टची चिकनसारखी चव ही मुख्यतः कुत्र्याला राजी करण्यासाठी असते. तेव्हा लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश आणि साधे पाणी घेऊन सुरुवात करा. पहिले चार-पाच दिवस नुसता ओठ उचलून बोट फिरवायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. मग बोटाला ओला सुती कपडा गुंडाळून पुढच्या दातांवर. दुसऱ्या आठवड्यात ब्रश, फक्त सुळ्यांवर. तिसऱ्या आठवड्यात मागे जायचे. ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरपा धरून छोट्या गोलाकार फेऱ्या, एका बाजूला साधारण अर्धा मिनिट. तोंड उघडायची गरज नाही, बाहेरची बाजू घासली तरी मोठे काम होते. वेळ कमी असेल तर वरच्या मागच्या दातांपासून सुरू करा. गालातली लाळेची नळी तिथेच उघडते, म्हणून कीटणही तिथेच सर्वांत जास्त.

रोज घासायला हवे. कीटण दोन-तीन दिवसांत घट्ट होते, तेव्हा रविवारी एकदा जोरात घासून उपयोग होत नाही. आणि हिरडी लाल असेल, रक्त येत असेल, दात हलत असेल तर ब्रश सुरू करू नका. आधी उपचार, मग ब्रश. दुखत्या तोंडात ब्रश घातला तर कुत्रा पुढे कधीच ब्रश जवळ येऊ देणार नाही.

भाकरीने किंवा कोरड्या दाण्यांनी दात साफ होत नाहीत. दाताचे टोक लागताच दाणा फुटतो, हिरडीची कड तशीच राहते. नळीच्या हाडाबद्दल मात्र कळकळीने सांगतो: देऊ नका. कसोटी सोपी आहे. अंगठ्याचे नख दाबून वस्तूवर खूण उमटत नसेल तर ती दातापेक्षा कडक समजा. नळी, खूर, शिंग, याकच्या दुधाची वाळवलेली चघळणी या सगळ्या त्यात नापास होतात. वरचा नाशिकचा प्रश्न अशाच वस्तूंपासून सुरू होतो. चघळायला काही द्यायचेच असेल तर व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यता पाकिटावर आहे का पाहा, आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आकार घ्या.

दुखत असेल तर घरातली वेदनाशामक गोळी द्यावी का? (लातूर)

देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बंद पडतात. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठीचा वापर तर गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारतात २००६ पासून बंद आहे. मेलोक्झिकॅम कुत्र्यांना चालते, पण हिशेब पाहा: रोजचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ७.५ ची अर्धी दिली तरी डोस जवळजवळ चौपट होतो. स्टिरॉइड चालू असेल तर तेही नको. पशुवैद्यांकडून कुत्र्यांचे पातळ औषध वजनाप्रमाणे मोजून घ्या.

प्राण्यांच्या विम्यात दातांचा खर्च मिळतो का? (पनवेल)

पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा, दंतोपचार तिथे असण्याची शक्यता मोठी आहे. काही ठिकाणी फक्त अपघाताने मोडलेला दात धरतात. आजाराची नोंद आधीच दवाखान्याच्या कागदावर असेल तर तो ‘पूर्वीचा आजार’ ठरतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळी ठेवणे बहुतेकांना याहून उपयोगी पडते.

चौदा दात काढावे लागणार आहेत. मग खाणार कसा? (कोल्हापूर)

आतापेक्षा चांगले खाईल. पहिले १० ते १४ दिवस मऊ अन्न: दुधात नव्हे तर पाण्यात किंवा बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात भिजवलेले दाणे, मऊ भात, कुस्करलेले अंडे, सगळे कोमट किंवा गार. त्या काळात चेंडू, दोरी, काठी बंद, ब्रशही बंद; टाके ओढले गेले की पदर सुटतो. लाळेत पहिल्या दिवशी गुलाबी छटा चालते. थेंब-थेंब ताजे रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज किंवा पाणी पिताना नाकातून येणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. दोन आठवड्यांनी टाक्यांची तपासणी असते, तिचे पैसे एस्टिमेटमध्ये धरलेले आहेत का, हे आधीच विचारून घ्या.